औषधाची एक फेरी, हात धुण्यापासून कोड लिहिण्यापर्यंत

औषधे एका तासिकेत शिकवली जातात, स्वच्छता दुसऱ्या आणि कोडिंग, म्हणजे आजारांना आणि औषधांना ठरलेले संकेतांक देणे, बहुधा शेवटच्या सत्रात. वॉर्डमध्ये मात्र ही तिन्ही कामे एकाच खाटेजवळ, एकाच फेरीत आणि त्याच दोन हातांनी करायची असतात. म्हणून इथे ती वेगळी न मांडता औषधाच्या एका फेरीच्या क्रमाने मांडली आहेत. चुका बहुतेक वेळा एका पायरीवरून दुसरीवर जाताना होतात, त्यामुळे त्या जागांवर जास्त वेळ घेतला आहे.

हात

अंगठी, घड्याळ, बांगड्या काढा. नखे बोटाच्या टोकापलीकडे वाढू देऊ नका, नेलपॉलिश आणि कृत्रिम नखे नकोत. बाही कोपराच्या वर घ्या.

हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचे हॅंडरब पुरते. तळवा भरेल एवढे घ्या आणि २० ते ३० सेकंद, हात पूर्ण सुकेपर्यंत चोळा. साबण आणि पाण्याने धुताना पूर्ण क्रिया ४० ते ६० सेकंदांची असते. चोळण्याचा क्रम असा: तळव्यावर तळवा, एका हाताच्या मागच्या बाजूवर दुसरा तळवा, बोटांच्या फटी, वाकवलेल्या बोटांच्या पाठी, अंगठा मुठीत धरून गोलाकार, आणि शेवटी बोटांची टोके तळव्यावर. अंगठे आणि बोटांची टोके सर्वांत जास्त वेळा सुटतात आणि गोळी, सुई, सलाईनची नळी यांना नेमका त्यांचाच स्पर्श होतो.

हातावर रक्त किंवा घाण दिसत असेल तर हॅंडरब वापरू नका, धुवाच. रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिलचे जुलाब असतील तरीही साबण-पाणीच हवे, कारण या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. ते घासून, वाहत्या पाण्याने हातावरून काढून टाकावे लागतात.

हात केव्हा स्वच्छ करायचे यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने पाच क्षण ठरवून दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्याआधी, निर्जंतुक कृतीच्या आधी, शरीरातील द्रवाशी संपर्क येण्याची शक्यता असलेल्या कामानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. नवे विद्यार्थी शेवटचा क्षण हमखास विसरतात. रुग्णाला हात न लावता फक्त सलाईनचा पंप बंद केला, तरी हात स्वच्छ करायचे आहेत.

हातमोजे हा हात धुण्याला पर्याय नाही. मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात आणि मोजे काढताना हात माखतात. एका मोज्याची बाहेरची बाजू मनगटाजवळ चिमटीत धरून तो उलटा काढा, दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळा करा. मग मोकळ्या हाताचे बोट दुसऱ्या मोज्याच्या आत सरकवून तोही उलटा काढा, म्हणजे पहिला दुसऱ्याच्या आत बंद होतो. लगेच हात स्वच्छ करा. एकच मोजा घालून दोन रुग्णांकडे जाणे म्हणजे एकाचे जंतू दुसऱ्याकडे स्वतः पोहोचवणे.

ऑर्डर वाचताना

ऑर्डरमध्ये रुग्णाची ओळख, औषधाचे नाव, मात्रा, मार्ग, वारंवारता, तारीख-वेळ आणि सही एवढे तरी दिसले पाहिजे. यातले काही नसेल किंवा अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका. लिहिणाऱ्यालाच विचारा. शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला अक्षर दाखवून "हे काय असेल?" असे विचारणे हाही अंदाजच, फक्त दोघांनी मिळून केलेला.

अक्षरातून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत, त्या पाठ करण्यासारख्या आहेत. १.० मधला टिंब पुसट असेल तर ते १० वाचले जाते, म्हणून पूर्ण संख्येनंतर टिंब-शून्य लिहू नये. त्याउलट .५ च्या आधी शून्य नसेल तर तो ५ होतो, म्हणून ०.५ लिहावे. दोन्ही चुकांत मात्रा दहापट होते. युनिटसाठी नुसते इंग्रजी 'यू' लिहिले तर ते शून्य किंवा चार वाटते. दहा युनिट इन्सुलिनचे शंभर होऊ शकतात. पूर्ण शब्द लिहा. मायक्रोग्रॅमचे ग्रीक चिन्ह घाईत मिलिग्रॅमसारखे दिसते आणि मात्रा हजारपट होते. 'क्यूडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'क्यूआयडी' म्हणजे चारदा, आणि दोघांत फरक एका अक्षराचा. 'ओडी' कुठे दिवसातून एकदा या अर्थाने, तर डोळ्यांच्या विभागात उजव्या डोळ्यासाठी वापरतात.

नावांचेही तसेच. डोपामाइन आणि डोब्युटामाइन, हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन, व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन या जोड्या कपाटात शेजारी ठेवू नयेत. औषध नेहमी मूळ नावाने (कंपनीच्या ब्रँडनावाने नव्हे) ओळखायची सवय लावा, कारण मूळ नावाच्या शेवटावरून गट कळतो: '-ओलोल' असेल तर बीटा ब्लॉकर, '-प्रिल' असेल तर एसीई इनहिबिटर, '-सार्टन' असेल तर अँजिओटेन्सिन रिसेप्टर ब्लॉकर, '-स्टॅटिन' असेल तर बहुधा कोलेस्टेरॉल कमी करणारे. पण शेवटावर डोळे झाकून विसंबू नका. ओमेप्राझोल पोटातील आम्ल कमी करते आणि अरिपिप्राझोल हे मानसिक आजारांवरील औषध आहे. निस्टॅटिन बुरशीवर चालते, कोलेस्टेरॉलशी त्याचा संबंध नाही.

हिशोब

१ ग्रॅम म्हणजे १००० मिलिग्रॅम, १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. हिशोब सुरू करण्याआधी सगळ्या संख्या एकाच एककात आणा. मग सूत्र एकच आहे: हवी असलेली मात्रा भागिले उपलब्ध मात्रा, गुणिले ती ज्या आकारमानात आहे ते.

उदाहरण घेऊ. १२ किलो वजनाच्या मुलाला पॅरासिटामॉल १५ मिलिग्रॅम प्रतिकिलो द्यायचे आहे. मात्रा १८० मिलिग्रॅम. बाटलीवर '५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम' असेल तर १८० ÷ १२० × ५ = ७.५ मिली. बाटलीवर '५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम' असेल तर ३.६ मिली. आता पहिल्या बाटलीचा हिशोब करून दुसऱ्या बाटलीतले ७.५ मिली दिले, तर मुलाला ३७५ मिलिग्रॅम जातील, दुपटीहून जास्त. म्हणून "एवढे चमचे" किंवा "एवढे मिली" ही मात्रा नव्हे. मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि मुलांसाठी आजच्या वजनावर ठरते. वजन किलोत आहे की पौंडांत तेही पाहा. गफलत झाली तर मात्रा सव्वादोनपटीच्या आसपास चुकते.

टक्के आणि गुणोत्तर यांना घाबरण्याचे कारण नाही. १ टक्का म्हणजे १०० मिलीमध्ये १ ग्रॅम, म्हणजे दर मिलीत १० मिलिग्रॅम. त्यामुळे २ टक्के लिग्नोकेनच्या दर मिलीत २० मिलिग्रॅम. १:१००० अॅड्रेनालिन म्हणजे दर मिलीत १ मिलिग्रॅम, १:१०,००० म्हणजे दर मिलीत ०.१ मिलिग्रॅम. तीव्र अॅलर्जीत प्रौढ व्यक्तीला स्नायूत देण्याची नेहमीची मात्रा ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे १:१००० चे ०.५ मिली. त्या घाईत अँप्यूल कोणती उचलली हे मोठ्याने वाचून दुसऱ्याला ऐकवा.

इन्सुलिनचा हिशोब मिलीत करूच नका, पण कुपी आणि सिरिंज जुळते की नाही हे दर वेळी पाहा. यू-१०० इन्सुलिनच्या १ मिलीत १०० युनिट असतात, यू-४० मध्ये ४०. यू-१०० इन्सुलिन यू-४० सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर आकारमान ०.५ मिली होते आणि रुग्णाला ५० युनिट जातात. खूण बरोबर दिसते, मात्रा अडीचपट असते. साध्या सिरिंजने इन्सुलिन भरू नका आणि पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढू नका.

सलाईनचे थेंब: आकारमान मिलीत, गुणिले सेटचा थेंब घटक (त्या सेटमधून १ मिलीत किती थेंब पडतात तो आकडा), भागिले मिनिटे. घटक सेटच्या पाकिटावर छापलेला असतो. साध्या सेटला १०, १५ किंवा २०, मायक्रोड्रिपला ६०. ५०० मिली ४ तासांत, २० थेंबांच्या सेटने: ५०० × २० ÷ २४० = ४१.७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. पूर्ण मिनिट मोजा. रुग्णाने हात वाकवला किंवा खाट वरखाली केली की वेग बदलतो, म्हणून एकदा लावून विसरायचे नसते.

उत्तर आले की एकदा थांबून पाहा. एका मात्रेसाठी चार गोळ्या किंवा तीन अँप्यूल लागत असतील तर बहुतेक वेळा हिशोब चुकलेला असतो. इन्सुलिन, हेपारिन, ओपिऑइड (मॉर्फिनसारखी वेदनाशामके), संहत पोटॅशियम क्लोराइड आणि कर्करोगाची औषधे यांचा हिशोब दोघांनी स्वतंत्रपणे करायचा. एकाने केलेला दुसऱ्याने नुसता पाहून मान डोलावली तर ती तपासणी नव्हे. आणि संहत पोटॅशियम क्लोराइड सिरिंजने थेट शिरेत कधीच देत नाहीत, हृदय थांबते. ते पातळ करूनच, ठरलेल्या वेगाने जाते.

औषध तयार करणे

लेबल तीनदा वाचायचे: कपाटातून काढताना, काढून भरताना, आणि रुग्णाला देण्याच्या अगदी आधी. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही यादी सगळ्यांना तोंडपाठ असते. पण तिचा उपयोग तेव्हाच, जेव्हा प्रत्येक शब्दाला डोळ्यांसमोर एखादे लेबल किंवा चार्ट असतो. नाव, मात्रा, मुदत, द्रवाचा रंग आणि गढूळपणा, कुपीला तडा, सगळे पाहा. तयार करताना कोणी बोलायला आले तर "दोन मिनिटे" म्हणून हातातले पूर्ण करा. मध्येच सोडावे लागले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

कुपीचे रबर ७० टक्के अल्कोहोलने घासा आणि सुकू द्या. ओल्यावरच सुई घातली तर अल्कोहोलला काम करायला वेळच मिळत नाही. शिरेतील नळीचे तोंडही औषध देण्याआधी १५ सेकंद घासून सुकवायचे. नवी सुई लावून तीच सिरिंज दुसऱ्या रुग्णाला वापरणे धोक्याचे आहे, कारण रक्ताचा अंश सिरिंजमध्येही मागे येतो. एक सुई, एक सिरिंज, एक रुग्ण, एकदाच. एका मात्रेची कुपी उरली तरी दुसऱ्याला नाही. अनेक मात्रांच्या कुपीवर उघडल्याची तारीख लिहा. उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर २८ दिवसांनी ती टाकून द्या. सिरिंज भरून बाजूला ठेवायची वेळ आली तर आधी लेबल लावा. बिनलेबलाची भरलेली सिरिंज दिसली की ती टाकायचीच, तिच्यात काय आहे यावर चर्चा नको.

तोंडाने द्यायचे द्रव औषध इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरू नका. सुईला जोडता येणारी सिरिंज हातात असेल तर कोणीतरी ती शिरेत देऊ शकते. तोंडाच्या औषधाची सिरिंज वेगळी मिळते आणि ती मुद्दाम सुईला बसत नाही.

गोळी फोडण्याआधी नाव पूर्ण वाचा. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर अशी अक्षरे असतील तर औषध १२ किंवा २४ तासांत हळूहळू सुटण्यासाठी बनवलेले असते. कुटले तर सगळे एकदम सुटते. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्याही कुटू नयेत. रुग्णाला गिळता येत नसेल तर द्रव रूप मिळते का, हे औषधविक्री विभागाला विचारा.

रुग्णाजवळ

नाव विचारताना "तुम्ही अमुक का?" असे विचारू नका. झोपेत असलेला, ऐकू कमी येणारा, घाबरलेला माणूस "हो" म्हणून मोकळा होतो. "तुमचे पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा" असे विचारा आणि मनगटपट्टीशी पडताळा. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, खाटा बदलतात.

अॅलर्जी विचारा, आणि त्यात काय होते तेही विचारा. पेनिसिलिनने मळमळणे आणि पेनिसिलिनने अंगावर गांधी उठून श्वास अडकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसते 'अॅलर्जी आहे' लिहिले की पुढच्या डॉक्टरला काहीच ठरवता येत नाही.

काही औषधांना देण्याआधी मोजमाप लागते. डिगॉक्सिनच्या आधी हृदयाच्या टोकावर पूर्ण मिनिट ठोके ऐका; प्रौढात ६० च्या खाली असतील तर मात्रा थांबवून कळवा. इन्सुलिनच्या आधी साखर तपासा आणि जेवण समोर आले आहे का, हे पाहा. अॅलेंड्रोनेट सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे किमान अर्धा तास आडवे न होता. नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. थायरॉक्सिन आणि लोह किंवा कॅल्शियम यांत ४ तासांचे अंतर ठेवा.

इंजेक्शनचा कोन: स्नायूत ९० अंश, त्वचेखाली ४५ किंवा ९०, त्वचेच्या थरात १० ते १५. वापरलेल्या सुईला झाकण लावू नका, दोन हातांनी तर मुळीच नाही. ती सिरिंजसह थेट कठीण डब्यात टाका. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा.

सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, ब्लीच किंवा अँटिसेप्टिक ओतू नका. लगेच प्रभारींना कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, आणि ७२ तासांच्या आतच. भीतीपोटी किंवा संकोचाने घटना लपवलेल्या विद्यार्थ्याचे हेच तास वाया जातात. कळवल्याबद्दल कोणी रागावले तरी कळवाच.

रक्त सांडले तर मोजे घालून आधी ते शोषक कागदाने टिपा, मग ०.५ टक्के क्लोरीनचे द्रावण १० मिनिटे ठेवा. द्रावणाचे सूत्र: मूळ टक्के भागिले हवे असलेले टक्के, वजा १; जे येईल तितके भाग पाणी. ५ टक्क्यांच्या मूळ द्रावणासाठी ५ ÷ ०.५ − १ = ९, म्हणजे एका भागाला नऊ भाग पाणी. रक्त न टिपता वर ओतले तर क्लोरीन रक्तावरच खर्ची पडते. द्रावण रोज ताजे करा आणि आम्लयुक्त किंवा अमोनियायुक्त क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

नोंद

दिल्यावर लगेच लिहा, देण्याआधी नाही. आधी लिहिले आणि रुग्णाला उलटी झाली, त्याने नकार दिला किंवा त्याला तपासणीला नेले, तर कागदावर औषध गेले आणि शरीरात गेलेच नाही. दिले नसेल तर 'दिले नाही' आणि कारण लिहा. रिकामी जागा पाहून पुढच्या पाळीतली व्यक्ती दुसरी मात्रा देऊ शकते. चूक एका रेघेने खोडा, खालचे वाचता आले पाहिजे, वर सही आणि वेळ. ही नोंद पुढे कोडर वाचणार आहे, आणि जे लिहिलेले नाही त्याला कोड देता येत नाही.

कोड

औषधांना एटीसी कोड (औषध शरीराच्या कोणत्या भागावर, कशासाठी आणि कोणत्या रासायनिक गटातले, यावरून दिलेले) असतात, पाच पातळ्यांचे, सात अक्षर-अंकांचे. मेटफॉर्मिनचा ए१०बीए०२ घ्या. ए म्हणजे पचनसंस्था आणि चयापचय, १० म्हणजे मधुमेहाची औषधे, बी म्हणजे इन्सुलिन सोडून साखर कमी करणारी, ए म्हणजे बायग्वानाइड, ०२ म्हणजे मेटफॉर्मिन. एकाच औषधाला वापरानुसार दोन कोड असू शकतात: अॅस्पिरिन वेदनाशामक म्हणून एन०२बीए०१, रक्ताच्या गुठळ्या रोखण्यासाठी बी०१एसी०६. म्हणून कशासाठी दिले, हे नोंदीत हवे.

आजारांसाठी आयसीडी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी. जगात अजून अनेक ठिकाणी दहावी आवृत्ती वापरात आहे. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दहावीत पहिले अक्षर, मग दोन अंक, टिंब, पुढे तपशील. ई११ म्हणजे टाइप २ मधुमेह, ई११.९ म्हणजे गुंतागुंत नसलेला, आय१० म्हणजे प्राथमिक उच्च रक्तदाब, जे१८.९ म्हणजे कारण न नोंदलेला न्यूमोनिया. इंग्रजीत आय१० टंकताना अक्षर आणि एक हा अंक यांची गल्लत सर्रास होते. अकराव्या आवृत्तीतून आय आणि ओ ही दोन अक्षरे याच कारणाने वगळली आहेत.

कोड शोधायचा क्रम:

१. निदानातील मुख्य शब्द काढा. 'डाव्या फुफ्फुसाचा न्यूमोनिया' यात मुख्य शब्द न्यूमोनिया, फुफ्फुस नव्हे.
२. वर्णानुक्रम सूचीत तो शोधा, खालचे उपशब्द वाचा.
३. मिळालेला कोड मुख्य तालिकेत उघडा. सूचीवरून थेट कोड कधीच लिहू नका.
४. 'समाविष्ट' आणि 'वगळून' या टिपा वाचा, प्रकरणाच्या सुरुवातीच्याही.
५. टिंबानंतरचे चौथे स्थान उपलब्ध असेल तर तीनवर थांबू नका. '.९' हा शेवटचा पर्याय. आधी नोंद पुन्हा वाचा.
६. दोन कोड लागतात का पाहा. मधुमेहामुळे नसांचा विकार असेल तर ई११.४ कटारचिन्हासह मूळ आजारासाठी आणि जी६३.२ तारकाचिन्हासह दिसणाऱ्या विकारासाठी. तारकेचा कोड एकटा कधीच येत नाही.

'संशयित' निदानाला कोड द्यायचा की लक्षणाला, हे नियम देशानुसार आणि रुग्ण दाखल आहे की बाह्यरुग्ण यानुसार बदलतात. आपल्या संस्थेची नियमावली उघडून पाहा, सवयीने ठरवू नका. छातीत दुखण्याला आर०७.४ असा स्वतःचा कोड आहे; त्या जागी आय२१.९ लिहिले तर रुग्णाच्या कागदावर न झालेला हृदयविकाराचा झटका कायमचा बसतो.

औषध आणि कोड यांची खरी गाठ पडते ती दुष्परिणामात. पेनिसिलिन योग्य व्यक्तीला, योग्य मात्रेत दिले आणि सर्वांगावर पुरळ उठले, तर मूळ दहाव्या आवृत्तीत एल२७.० (औषधाने उठलेले सर्वांगावरचे पुरळ) आणि सोबत वाय४०.० (उपचारात दिलेले पेनिसिलिन). पण चुकून जास्त मात्रा गेली किंवा दुसऱ्याचे औषध गेले, तर ती विषबाधा समजतात: टी३६.० (पेनिसिलिनची विषबाधा) आणि सोबत अपघाताचा बाह्य कारणाचा कोड. काही देशांच्या सुधारित आवृत्त्यांत अंक वेगळे आहेत, तत्त्व हेच. आधीपासून माहीत असलेली पेनिसिलिनची अॅलर्जी झेड८८.० ने नोंदतात. या तिन्हींतला फरक कोडरला रुग्ण पाहून कळणार नाही, कारण तो रुग्ण पाहतच नाही. मात्रा किती दिली, केव्हा दिली, त्यानंतर किती वेळाने काय दिसले, या तीन ओळी खाटेजवळ उभ्या असलेल्याने लिहिल्या असतील तरच कळेल.

स्वच्छतेचेही कोड आहेत. मूत्रमार्गातील कॅथेटरमुळे झालेला संसर्ग टी८३.५, आणि तो रुग्णालयात लागला हे सांगणारा जादा कोड वाय९५. कॅथेटर कोणत्या तारखेला घातला, ताप कोणत्या तारखेला आला, हे नोंदीत नसेल तर हा संसर्ग रुग्ण घरूनच घेऊन आला असे कागदावर दिसते आणि वॉर्डमधली खरी अडचण कोणाच्या लक्षात येत नाही. नोंद अपुरी वाटली तर कोडरने कोड ताणूनतुणून बसवू नये, डॉक्टरला लेखी प्रश्न पाठवावा. प्रश्नात उत्तर सुचवू नये: "हा संसर्ग कॅथेटरमुळेच ना?" असे न विचारता "संसर्गाचे कारण आणि सुरुवातीची तारीख नोंदवावी" असे लिहावे, आणि आलेले उत्तर सहीसह त्याच फाइलला जोडावे.